कल्हई: भांडं घासण्यापासून कथील फिरवण्यापर्यंत

माळ्यावरून आजीचं पितळी पातेलं खाली आलं. चिंच-मिठाने घासून लखलखीत केलं आणि हौसेने त्यात टोमॅटोचं सार केलं. दोन तासांनी चाखलं तर जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव. सार कळकलं होतं. आजी असती तर मला पातेलं चुलीजवळही नेऊ दिलं नसतं, कारण आतली कल्हई, म्हणजे कथलाचा (टिनचा) पातळ मुलामा, केव्हाच उडाली होती आणि मी मात्र आतल्या पिवळ्या चकाकीवर खूश होतो. स्वयंपाकाचं पितळी भांडं आतून पिवळं नव्हे, पांढरं दिसायला हवं.

गल्लीत कल्हईवाला येईना, म्हणून मी हे काम स्वतः शिकलो. पहिल्या भांड्याचं वाटोळं केलं, दुसऱ्याचं अर्धं केलं. तिसऱ्यापासून जमायला लागलं. घरी करून पाहणाऱ्यांसाठी सगळा तपशील इथे देतो. कल्हईवाल्याकडूनच करून घेणार असाल तरी वाचा, म्हणजे समोर काय चाललंय ते कळेल.

कळकतं म्हणजे काय होतं

चिंच, आमसूल, ताक, लिंबू, टोमॅटो यांतलं आम्ल तांब्यावर काम करतं आणि तांब्याचे क्षार पदार्थात उतरतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्यामुळे तिथे दोन्ही उतरतात. चव बिघडते आणि प्रमाण जास्त झालं तर मळमळ, उलट्या, पोटदुखी सुरू होते. पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरला २ मिलिग्रॅमच्या आत असावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. साधं पाणी तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवणं वेगळं आणि त्याच हंड्यात लिंबूपाणी ठेवणं वेगळं.

कथील या आम्लांना बऱ्यापैकी दाद देत नाही. शिवाय ते २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. पितळ वितळायला ९०० अंशांच्या वर जावं लागतं, तांब्याला १०८५. म्हणून भांड्याला काहीही न होता त्यावर कथील पातळ करून पसरवता येतं. पसरताना ते खालच्या तांब्याशी संयोग पावतं आणि मध्ये दोन्ही धातूंचा एक अतिशय पातळ थर तयार होतो. कल्हई रंगासारखी पोपडे धरून निघत नाही, झिजत झिजत जाते, ती त्यामुळेच. पण हा थर तयार होण्यासाठी खालचा धातू अगदी उघडा लागतो. त्यावर तेलाचा, काळपटपणाचा किंवा नुसत्या हवेने धरलेल्या गंजाचा पापुद्रा राहिला, तर कथील तिथे थेंब होऊन बसतं, कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखं.

कल्हईतली सगळी मेहनत या एका गोष्टीसाठी असते. कथील फिरवण्याचं काम दोन मिनिटांचं. त्याआधीचा दीड-दोन तास घासण्यात जातो.

कोणत्या भांड्याला करायची, कोणत्या नाही

तांब्या-पितळेची पातेली, तपेली, गंज, डेगची, लंगडी, चहाचं आधण ठेवायचं भांडं, म्हणजे ज्यात अन्न शिजतं किंवा आंबट पदार्थ राहतो, ती सगळी. बंब, घंगाळ, अंघोळीची बादली, समई, देवाची उपकरणी यांना गरज नाही. काशाच्या ताट-वाट्यांना कल्हई करत नाहीत आणि काशाला आचेवर धरूही नका. तापलेलं कासं ठिसूळ होतं, जरा धक्का लागला की तडकतं. ॲल्युमिनियम, स्टील आणि बीड (ओतीव लोखंड) यांना या पद्धतीने कल्हई होत नाही.

भांडं हातात घेतल्यावर आधी उजेडाकडे धरून छिद्रं बघा. शंका असेल तर पाणी भरून कागदावर रात्रभर ठेवा. मग जोड बघा. जुन्या भांड्यांना कधी कधी झाळकाम केलेलं असतं, बुडाशी किंवा कानाजवळ करड्या, मऊ धातूचं ठिगळ दिसतं. हे बहुतेक वेळा शिसं मिसळलेलं सोल्डर असतं. ते कथलाच्याही आधी वितळतं, म्हणजे तापवताच ठिगळ गळून पडेल आणि त्यातलं शिसं नव्या कल्हईत मिसळेल. अशा भांड्यात तुळस लावा. रिबिटाने ठोकलेले कान मात्र चालतात.

पहिल्यांदा करत असाल तर वाटी किंवा लहान पेला घ्या. मी पहिल्याच दिवशी सात लिटरचं तपेलं घेतलं होतं. त्याचं बूड तापेपर्यंत कड गार आणि कड तापेपर्यंत बूड जळालेलं.

सामान

कथील शुद्ध हवं, ९९.९ टक्के. कांडी किंवा पट्टीच्या रूपात मिळतं. पुण्यात तांबट आळी, मुंबईत तांबाकाटा आणि गुलालवाडीचा धातुबाजार, नाशकात भांडीबाजार अशा ठिकाणी चौकशी केली की दुकान सापडतं. लागतं किती, याचा हिशेब सोपा आहे. २० सेंटिमीटर व्यासाचं आणि १० सेंटिमीटर उंचीचं पातेलं आतून साधारण ९४० चौरस सेंटिमीटर भरतं. थर २० मायक्रॉन धरला तर पावणेदोन-दोन घन सेंटिमीटर कथील लागेल, म्हणजे सुमारे १४ ग्रॅम. नवशिक्याच्या हातून वाया जाणारं धरून २५ ग्रॅम ठेवा.

नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, काष्ठौषधींच्या दुकानात किंवा मोठ्या किराणा दुकानात मिळतो. मागितल्यावर दुकानदार तुम्हाला एकदा नखशिखांत न्याहाळेल, कारण गूळ आणि नवसागर ही जोडी हातभट्टीवाल्यांचीही आवडती आहे. ‘कल्हईला हवाय’ म्हणून सांगा. ५० ग्रॅम पुष्कळ झाला. तो कोरडा हवा. दगडी खलात बारीक कुटून घ्या; त्या खलात पुन्हा वेलची कुटू नका.

बाकी सामान म्हणजे स्वच्छ कापूस (सुती हवा, सिंथेटिक भरणाचा नको, तो वितळून चिकटतो), लांब दांड्याची मजबूत सांडशी, एक लांब चिमटा, बारीक वाळू, चिंच, मीठ, धुण्याचा सोडा आणि पाण्याची बादली. आचेसाठी कल्हईवाले जमिनीत खळगा करून कोळसा पेटवतात आणि भात्याने किंवा हाताने फिरवायच्या पंख्याने वारा घालतात. घरी दीड-दोन लिटरपर्यंतच्या भांड्याला घरगुती गॅसची मोठी शेगडी पुरते. कोळशाची शेगडी असेल तर जुना हेअर ड्रायर लांबून धरला तरी भात्याचं काम होतं.

काम उघड्यावर करा, अंगणात किंवा गच्चीत. तापलेल्या नवसागरातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, ती डोळ्यांत आणि घशात जाते. चष्मा, मास्क, चामड्याचे हातमोजे, सुती कपडे आणि बंद बूट घाला. लहान मुलं लांब हवीत, दम्याचा त्रास असलेला माणूस तर आणखी लांब. आणि वितळलेल्या कथलात पाण्याचा थेंब पडला तर त्याची क्षणात वाफ होऊन कथील उडतं, म्हणून भांडं, चिमटा, कापूस आणि स्वतःचे हात कोरडे ठेवा.

कथील खरं आहे का

इथे जरा थांबा, कारण बाकी चुकलं तर पातेलं खराब होईल, हे चुकलं तर माणूस. शिसं कथलापेक्षा स्वस्त असतं आणि मिसळलेलं डोळ्याला ओळखू येत नाही. शिसेदार सोल्डर उलट लवकर पातळ होतं, छान पसरतं आणि चमकतंही. पण शिसं शरीरात साठत जातं आणि लहान मुलांच्या मेंदूला सर्वात जास्त इजा करतं. आंबट आमटीत ते उतरतं. म्हणून रेडिओ दुरुस्तीची तार घेऊन कल्हई करण्याचा प्रयोग कोणी करू नये.

घरी करता येण्याजोग्या दोन परीक्षा आहेत. पहिली कानाची. शुद्ध कथलाची बारीक कांडी कानाजवळ धरून वाकवली तर करकर असा आवाज येतो, वाकताना आतल्या स्फटिकांची रचना बदलल्याचा. बऱ्यापैकी शिसं मिसळलं की हा आवाज मरतो.

दुसरी वजनाची, आणि ही मला जास्त आवडते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर कांडीचं वजन करा. समजा १०० ग्रॅम भरलं. आता काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा आणि कांडी दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण बुडाला वा कडेला टेकणार नाही अशी धरा. काट्यावर जो आकडा येईल तो कांडीने बाजूला सारलेल्या पाण्याचा. शुद्ध कथलाला तो १३.७ च्या आसपास येतो. शिसं कथलापेक्षा बरंच जड, त्यामुळे भेसळ जितकी जास्त तितका आकडा खाली. नेहमीच्या ६० टक्के कथील, ४० टक्के शिसं अशा सोल्डरला तो १२ च्या खाली जातो. दोन-चार टक्क्यांची भेसळ या युक्तीने पकडता येणार नाही. त्यासाठी पावती आणि शुद्धतेचा दाखला देणाऱ्या दुकानातूनच माल घ्यावा.

घासणं

आतला जळका थर, जुनं तेल आणि काळं किटण सगळं निघायला हवं. जुनी कल्हई थोडी शिल्लक असेल तर राहू द्या, नवं कथील तिच्यावर मजेत बसतं. मात्र ती कोणी, कशाची केली ते माहीत नसेल, तर घासून पुरती काढावी हे बरं. त्या भुकटीत शिसं असू शकतं, म्हणून हे घासणं ओलंच करायचं, कोरडं नाही.

आधी पातेल्यात पाणी आणि मूठभर धुण्याचा सोडा घालून दहा-पंधरा मिनिटं उकळा. तेलकटपणा सुटतो. ओतून दिल्यावर चिंचेचा कोळ आणि जाड मीठ लावून ठेवा, मग बारीक वाळू घेऊन गोणपाटाच्या तुकड्याने घासा. कल्हईवाल्यांकडे मोठ्या भांड्यासाठी खास रीत असते. आत वाळू आणि गोणपाट टाकून ते स्वतः पातेल्यात उभे राहतात आणि कशाचा तरी आधार धरून कमरेतून डावी-उजवीकडे गरागरा फिरतात. लहानपणी आम्हाला तो नाच वाटायचा. हाताने एवढा दाब येत नाही, हे स्वतः घासायला बसल्यावर कळलं.

ॲसिड वापरून हे काम पाच मिनिटांत होतं आणि बरेच जण वापरतातही. मी वापरत नाही. संडास धुण्याचं ॲसिड घरात भांड्यांजवळ नको, आणि ते चुकून ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू होतो. चिंचेला वेळ लागतो, एवढीच तिची तक्रार.

झालं की नाही हे ठरवायला पाण्याची परीक्षा घ्या. भांडं धुऊन आतून ओलं करा आणि तिरकं धरा. पाण्याचा पापुद्रा सलग पसरला तर धातू स्वच्छ आहे. पाणी कुठे फाटून थेंब झाले तर तिथे अजून तेल आहे. त्या जागेला पुन्हा सोडा, पुन्हा वाळू. ही परीक्षा पास झाल्यावर आतून बोट लावायचं नाही. बोटाचा ठसासुद्धा कथलाला दिसतो.

बाहेरच्या बाजूला कथलाचे ओघळ चिकटू नयेत म्हणून खडूची भुकटी पाण्यात कालवून पातळ लेप द्या आणि उन्हात पूर्ण वाळवा. वेळ फार गेला तर आतला धातू पुन्हा काळवंडतो, म्हणून घासल्यावर त्याच दिवशी पुढचं काम करा.

आच

सांडशीने कड पकडा. आधी भांडं उपडं करून कडेला आणि भिंतींना आच द्या, मग सुलटं करून बूड. एका जागी ठेवायचं नाही, सतत फिरवत राहायचं. जाड बूड आणि पातळ कड एकाच वेळी सारखं तापवणं ही या कामातली खरी कारागिरी आहे आणि ती सांगून येत नाही, चार भांडी बिघडवून येते.

तापमान पाहायला यंत्र लागत नाही. मधूनच आचेवरून उचलून कथलाची कांडी भिंतीला टेकवा. कांडी नुसतीच घासली गेली तर अजून वेळ आहे. लोण्यासारखी विरघळून मागे ओली रेघ सोडली तर वेळ झाली. रेघ लगेच पिवळी, मग निळसर झाली, तर जास्त झालं. भांडं बाजूला धरून अर्धा मिनिट थांबा. साधारण २४० ते २८० अंशांची ही चिंचोळी पट्टी आहे. लालसर झाक दिसेपर्यंत तापवलं तर पितळातलं जस्तच वाफ होऊन निघायला लागतं. तो पांढरा धूर नाकात जाऊ देऊ नका. माझ्या पहिल्या तपेल्याच्या बुडाशी अजूनही तांबूस चट्टा आहे, तो त्या दिवसाचा.

नवसागर आणि कथील

आता घाई. सगळं हाताशी हवं: नवसागर एका वाटीत, कापसाचा मुठीएवढा बोळा चिमट्यात घट्ट धरलेला, कांडी उजव्या हाताला. शक्य असेल तर दुसऱ्या माणसाला सांडशी धरायला बसवा. आमच्याकडे हे काम बायकोचं, आणि तिच्या मते हुकूम सोडणंही तिचंच.

तापलेल्या भांड्यात नवसागराची चिमूट भुरभुरा. भस्सकन पांढरा धूर येईल, तोंड मागे घ्या. लगेच बोळ्याने ती पूड सगळीकडे फिरवा. तापवताना धातूवर धरलेला काळपट पापुद्रा नवसागरातल्या आम्लामुळे निघून जातो आणि खालून पितळ अचानक ताजं, उजळ दिसायला लागतं. तो उजाळा दिसला की कांडी बुडाशी दोन-तीन ठिकाणी आणि भिंतीला चार ठिकाणी टेकवून रेघा ओढा. बोळ्याला पुन्हा चिमूटभर नवसागर लावा आणि कथील पसरवत न्या, बुडापासून गोल गोल कडेकडे. हात हलका हवा. दाबलं तर सगळं कथील पुसलं जातं, फार हळू फिरवलं तर गोठून खरखरीत होतं.

पाच-सात सेकंदांत पिवळा धातू पांढरा होत जाताना दिसतो. कितीही वेळा केलं तरी त्या क्षणी माझा श्वास अडकतो. कुठे बेट राहिलं तर त्या जागेला बाहेरून आच द्या, नवसागर, कथील, पुन्हा बोळा. शेवटी भांडं आचेवरून काढा आणि कथील घट्ट होण्याच्या बेतात असताना कोऱ्या कापसाने एकदाच, सलग, एका दिशेने पुसून घ्या. जास्तीचं कथील बोळ्याबरोबर निघून येईल. ते गार झाल्यावर वेचून ठेवा, पुढच्या भांड्याला होतं.

कल्हईवाले लगेच भांडं बादलीत बुडवतात आणि चर्र आवाजाबरोबर वाफेचा लोट उठतो. पातळ पितळी भांड्याला हे चालतं आणि चकाकीही छान येते. पण बुडवण्याआधी कथील पूर्ण थिजलेलं हवं, आतला आरसा हलेनासा झालेला हवा. घरी करताना मी दोन मिनिटं थांबतो, मग सांडशीने बाहेरूनच हळूहळू पाण्यात टेकवतो. जोड असलेलं किंवा जाड भांडं नुसतं हवेवर गार होऊ द्या.

गार झाल्यावर साबणाने तीन वेळा धुवा, नवसागर राहता कामा नये. मग पाण्यात बटाट्याच्या साली किंवा मूठभर तांदूळ घालून उकळा आणि ते सगळं फेकून द्या. हे दोनदा करा. नंतरच त्यात स्वयंपाक.

बिघडलं तर

कथील थेंब थेंब होऊन पळालं तर एकतर तेल राहिलं आहे किंवा भांडं गार आहे. कांडी टेकवून बघा. ती वितळत असेल तर दोष घासण्याचा, भांडं गार करून पुन्हा वाळूपासून सुरुवात. पृष्ठभाग दाणेदार आला तर शेवटचं पुसणं उशिरा झालं. नुसतं पुन्हा तापवून कापूस फिरवला तरी सुधारतं. पिवळी-निळी झाक म्हणजे आच जास्त. काळे ठिपके राहिले तर ते जळक्या कापसाचे आहेत की उघड्या धातूचे हे नखाने खरवडून पाहा. कापसाचे धुतल्यावर जातात. धातूचा ठिपका उघडा ठेवू नका, आंबट नेमकं तिथेच लागतं.

पांढरं कापड आत जोरात घासून पाहा. नव्या कल्हईवर पहिल्यांदा किंचित करडं येतं, ते उरलेल्या पुडीचं. धुतल्यानंतरही पेन्सिलीने रेघ ओढावी तसं काळंभोर येत राहिलं, तर कथलाच्या शुद्धतेबद्दल शंका घ्या.

कल्हईवाल्याकडून करून घेताना

काही जत्रांत, जुन्या पेठांत आणि दिवाळीच्या तोंडावर ते अजून भेटतात. काम समोर करून घ्या. ‘कथील दाखवा’ म्हणायला लाजू नका, चांगला कारागीर आनंदाने कांडी हातात देतो. माझ्या ओळखीच्या एका घरात मात्र एका फिरत्या कारागिराने पिशवीतून सोल्डर तारेचं भेंडोळं काढलं होतं, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नसतं, जर घरात इलेक्ट्रिशियन मुलगा नसता. मोठी डेग, पाहुण्यांच्या पंक्तीची तपेली, अर्धा फूट उंचीच्या पुढचं काहीही सरळ त्यांच्याकडे द्या. तेवढी आच आणि तेवढा हात घरी येत नाही.

वापर

कल्हईच्या भांड्याला एकच मोठी भीती, कोरडी आच. रिकामं पातेलं गॅसवर विसरलात तर दोन-तीन मिनिटांत २३२ अंश ओलांडले जातात आणि आत कथलाचे मणी फिरताना दिसतात. त्यामुळे रवा भाजणं, शेंगदाणे भाजणं, पापड या भांड्यात नाही. फोडणीत तेल जरा जास्त तापतं, म्हणून ती लोखंडी पळीत वेगळी करून वरून ओता. आमटीला तशी फोडणी बसतेही चांगली. तळण तर लोखंडी कढईतच.

वरण, आमटी, कढी, भात, खीर, चहा यांना मात्र तोड नाही. तांबं-पितळ उष्णता सगळीकडे सारखी नेतं, त्यामुळे खीर एका जागी धरत नाही. डाव लाकडी ठेवा. स्टीलच्या पळीने कडेवर ठकठक करायची सवय सोडावी लागते. घासायला तारेचा घासणा नको, मऊ चोथा आणि साधा साबण पुरे. तळाला लागलं असेल तर पाणी घालून रात्रभर भिजवा. चिंच-मीठ फक्त बाहेरून. आणि कल्हई असली तरी आंबट पदार्थ रात्रभर आत ठेवायचा नाही, जेवणं झाली की स्टीलच्या डब्यात काढायचा.

महिनाभरात आतला आरसा करडा-काळसर पडतो. ती कल्हई गेल्याची खूण नव्हे, कथील असंच पिकतं. तांबूस किंवा पिवळं दिसायला लागलं तर बघा. केसाएवढ्या चरांची काळजी नको. रुपयाएवढा डाग उघडा पडला की त्यात आंबट शिजवणं बंद करा आणि पुन्हा कल्हई करा. रोज वापरणाऱ्याला हे लवकर येतं, सणासुदीला वापरणाऱ्याला वर्षानुवर्षं येत नाही, म्हणून महिन्यांचा आकडा देत नाही.

घरातलं इतर कथील

पातेलं सोडलं तरी कथलाचा मुलामा घरात असतोच. अननसाच्या चकत्या, रसगुल्ले, आमरस ज्या पत्र्याच्या डब्यात येतात तो पोलादाचा असतो आणि त्यावर कथलाचा अगदी पातळ थर असतो. पुष्कळ डब्यांना आतून लाखेसारखा लेपही असतो. डबा बंद असताना आत हवा नसते, म्हणून कथील फारसं विरघळत नाही. उघडल्यावर हवा शिरली की विरघळण्याचा वेग वाढतो. उरलेला रस डब्यातच फ्रिजमध्ये ठेवू नका, काचेच्या बरणीत काढा. ठोकर लागून चेपलेल्या डब्याचा मुलामा फाटतो, आणि कथलाच्या बाबतीत गंमत अशी की ओरखडा पडला तर उघडं पडलेलं लोखंड आणखी जोराने गंजतं.

जस्ताचं उलट आहे. ते स्वतः गंजून लोखंडाला वाचवतं. म्हणून बादल्यांना आणि छपराच्या पत्र्यांना जस्त चढवतात. आपण ज्यांना ‘टिनाचे पत्रे’ म्हणतो त्यांत टिन, म्हणजे कथील, औषधालाही नसतं. जस्ताच्या बादलीत ताक किंवा सरबत करू नये, हेही जाता जाता.

विजेच्या कामातही तांब्याच्या तारांना कथील चढवतात. कोकणात खाऱ्या हवेने उघडं तांबं हिरवं पडतं आणि जोड तापायला लागतात; मुलामा दिलेली तार तिथे जास्त टिकते. घरी सोल्डरिंग करणाऱ्यांनी सोल्डरिंग आयर्नचं टोक वापर संपल्यावर कथील लावूनच बंद करावं, नाहीतर पुढच्या वेळी काळं पडलेलं टोक सोल्डर धरत नाही. तत्त्व तेच: स्वच्छ धातू, पुरेशी आच, मग कथील. फक्त सोल्डरची तार आणि त्या कामाचा बोळा स्वयंपाकघराच्या सामानात मिसळू देऊ नका.

उरलेला नवसागर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, लोखंडापासून लांब ठेवा. माझी पहिली पुडी मी हत्यारांच्या डब्यात टाकून दिली होती. पावसाळा संपल्यावर डबा उघडला तर पुडीचा चिखल झाला होता आणि पक्कड काही केल्या उघडेना.